हीटर लागला की तापमान पाच अंशांनी उतरायचं: एका हौशी कंट्रोलर बोर्डाच्या तपासणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

थ्रीडी प्रिंटरचं फिलामेंट हवेतला ओलावा शोषून घेतं. ओलसर फिलामेंट नोझलमधून तडतडत बाहेर येतं, थरांवर बारीक फोड दिसतात, आणि नायलॉनसारख्या जातींचं तर कामच होत नाही. म्हणून बरेच हौशी लोक सुकवणीचा डबा स्वतः तयार करतात. बंद डबा, तळाशी हीटरची पट्टी, हवा फिरवायला छोटा पंखा, आणि तापमान राखणारा कंट्रोलर.

या प्रकरणातला कंट्रोलर असाच घरी डिझाइन केलेला होता. करणाऱ्यांचा पेशा सॉफ्टवेअरचा, इलेक्ट्रॉनिक्स हा छंद. पुढे त्यांना नुसतं डिझायनर म्हणतो. बोर्ड दोन थरांचा. त्यावर ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरचं मॉड्यूल, २४ व्होल्टचा इनपुट, त्यातून ५ व्होल्ट काढणारा स्विचिंग रेग्युलेटर, पुढे ३.३ व्होल्टसाठी एएमएस १११७ हा रेग्युलेटर. हीटर २४ व्होल्टवर ४ अँपिअर घेणारा, म्हणजे जवळपास १०० वॉटचा, आणि तो एका मॉस्फेटने (गेट या पायाला व्होल्टेज दिलं की ड्रेन आणि सोर्स या पायांमधली वाट उघडणारा स्विच) ग्राउंडच्या, म्हणजे ऋण बाजूने चालू-बंद होणारा. तापमानासाठी १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापला की ज्याचा रोध घटतो), दमटपणासाठी एसएचटी ३१ ही सेन्सर चिप. प्रोग्राम भरायला यूएसबी-सी.

पहिली आवृत्ती तयार होऊन वापरात होती. दुसऱ्या आवृत्तीची गर्बर फाइल (तांब्याच्या थरांचा कारखान्याला द्यायचा आराखडा) बनवायला पाठवण्यापूर्वी कुणीतरी नजर टाकावी म्हणून ती माझ्याकडे आली. सोबत एकच ओळ होती: डीआरसी आणि ईआरसी (लेआउटची आणि सर्किटची सॉफ्टवेअरने केलेली नियमतपासणी) दोन्ही स्वच्छ आहेत, फक्त तापमानाचं वाचन जरा उड्या मारतं.

अडचण

ही ‘जरा उडी’ नेमकी काय, ते विचारल्यावर चित्र असं निघालं. डबा ५० अंशांवर सेट केलेला. हीटर लागला की पडद्यावरचा आकडा पटकन ४९ वरून ४४ च्या आसपास यायचा. मग सावकाश चढत ५१ ला पोचला की हीटर बंद, आणि बंद होताक्षणी आकडा थेट ५६ च्या पुढे.

डिझायनरांनी थर्मिस्टर बदलून पाहिला होता. तारा पिळून घेतल्या होत्या, थर्मिस्टरला समांतर कपॅसिटर लावला होता. शेवटी कोडमध्ये बऱ्याच वाचनांची सरासरी घेतली, आणि उडी दिसेनाशी झाली. त्यांच्या लेखी प्रश्न बराचसा मिटला होता.

वास्तविक मिटला नव्हता, झाकला गेला होता. डब्यातली एवढी हवा पापणी लवायच्या आत पाच अंशांनी गार होत नाही. बदलाचा वेगच सांगत होता की हा उष्णतेचा नव्हे, विजेचा खेळ आहे. सरासरीने तेवढा एकच पुरावा पुसून टाकला. चूक मात्र जागच्या जागी राहिली, आणि पीएलए जातीच्या रिळावरचे आतले वेढे एकमेकांना चिकटलेले सापडू लागले. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात मऊ पडतं. ५० वर सेट केलेला डबा दर फेरीला त्या पट्ट्यात डोकावून येत होता.

दुसरी तक्रार त्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती. मॉस्फेटवर हीटसिंक का बसवलाय, असं मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘४ अँपिअर आहेत, तापणारच की.’

तपासणी कुठून सुरू करायची

पहिला निर्णय इथेच होता. लक्षणामागे धावून थर्मिस्टरचं सर्किट उकलायचं, की आधी अख्खा बोर्ड क्रमाने वाचायचा? लक्षणामागे लागलं की उत्तर लवकर सापडतं, पण ते सापडल्यावर बाकीचा बोर्ड पाहायचा उत्साह उरत नाही. इथे १०० वॉटचा हीटर होता, म्हणून पूर्ण वाचायचं ठरवलं.

नुसत्या गर्बरवरून ते जमत नाही. गर्बर सांगते तांबं कुठे आहे, का आहे ते सांगत नाही. मी तीन गोष्टी मागवल्या: स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा), पार्टची यादी, आणि प्रत्येक कनेक्टरच्या प्रत्येक पिनमधून किती अँपिअर जाणार याचा तक्ता. पहिल्या दोन लगेच आल्या. तक्ता डिझायनरांना बसून करावा लागला, आणि निम्मा तपास त्या तक्त्यानेच केला.

मग लेआउटच्या दोन्ही थरांची मोठी छापील प्रत घेतली आणि लाल पेन्सिलीने ४ अँपिअरची वाट काढली. इनपुटची २४ व्होल्टची पिन, फ्यूज, हीटरचा कनेक्टर, हीटरमधून परत, मॉस्फेटचा ड्रेन, सोर्स, ग्राउंड. इथवर पेन्सिल सुरळीत चालली. सोर्सपासून इनपुटच्या ऋण पिनपर्यंत परत जायला मात्र रस्ता शोधावा लागला.

बोर्डाच्या खालच्या थरावर ग्राउंडचा पसारा होता, पण २४ व्होल्टचा लांब ट्रॅक त्याला आडवा कापत गेलेला. उजवीकडे हीटर, मॉस्फेट आणि थर्मिस्टरचे कनेक्टर, डावीकडे इनपुट आणि ईएसपी ३२. दोन्ही बाजूंचे ग्राउंड कडेने जाणाऱ्या एकाच ट्रॅकने जोडलेले, रुंदी १ मिलिमीटर, लांबी साधारण ८० मिलिमीटर. हीटरचा सगळा प्रवाह त्या गल्लीतून परतत होता, आणि थर्मिस्टरचं ग्राउंड तिच्या पलीकडच्या, म्हणजे हीटरकडच्या टोकाला टेकवलेलं होतं. कारण साधं: जवळचा ग्राउंड पॅड तोच होता.

डीआरसीला यात काहीच खटकलं नाही, आणि तिची चूकही नाही. ग्राउंड नावाची जाळी सगळीकडे जोडलेली आहे का, एवढंच ती पाहते. त्या जोडातून ४ अँपिअर जाणार की ४ मिलिअँपिअर, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आकडेमोड

३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा प्रत्येक चौरस साधारण अर्धा मिलिओहम रोध देतो, चौरस लहान असो की मोठा. १ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब म्हणजे असे ८० चौरस, जवळजवळ ४० मिलिओहम. ४ अँपिअरला त्यावर ०.१६ व्होल्ट पडतात.

हे खरं की नुसतं गणित, ते पाहायला डिझायनरांना एक मोजमाप करायला सांगितलं. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर. काळी सुई ईएसपी ३२ च्या ग्राउंडवर, लाल सुई थर्मिस्टर कनेक्टरच्या ग्राउंड पिनवर. हीटर बंद: शून्याच्या आसपास. हीटर चालू: १५० मिलिव्होल्ट. एकाच नावाच्या दोन बिंदूंमध्ये. त्यांनी सुयांची अदलाबदल करून पुन्हा मोजलं, आकडा तोच आला, फक्त चिन्ह उलटं.

आता थर्मिस्टर ग्राउंडकडे, १० किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टकडे, त्याचा बीटा, म्हणजे तापमानानुसार रोध किती बदलतो त्याचा आकडा, ३९५०. ५० अंशांना थर्मिस्टर सुमारे ३.६ किलोओहम होतो आणि एडीसीला (ईएसपी ३२ मधल्या व्होल्टेज मोजणाऱ्या भागाला) एका अंशामागे अदमासे २४ मिलिव्होल्टचा फरक दिसतो. खालचं टोक ०.१६ व्होल्टने उचललं गेलं तर एडीसीच्या बिंदूवर त्यातले ०.१२ व्होल्ट पोचतात. म्हणजे पाच अंश. पडद्यावरची उडी हीच.

यातली खरी मेख चुकीच्या आकारात नसून दिशेत आहे. एनटीसीमध्ये जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त गार. त्यामुळे हीटर चालू असताना कंट्रोलरला डबा आहे त्याहून गार वाटतो आणि तो आणखी तापवत राहतो. उलट्या दिशेची पाच अंशांची चूक निदान निरुपद्रवी ठरली असती.

त्या ट्रॅकच्या तापण्याबद्दलही विचारणा झाली. आयपीसी २२२१ या बोर्ड डिझाइनच्या मानकातल्या सूत्राने बाहेरच्या थरावर ४ अँपिअरला १० अंशांची वाढ चालणार असेल तर २ मिलिमीटर रुंदी लागते. १ मिलिमीटरला वाढ ३० अंशांच्या थोडी वर जाते. बरं नाही, पण ट्रॅक जळत नाही, वास येत नाही, बोर्ड काळा पडत नाही. रुंदी फक्त तापण्याच्या हिशेबाने ठरवणाऱ्याला हा ट्रॅक खपून जाण्याजोगा वाटला असता.

वाचताना सापडलेलं बाकीचं

मॉस्फेट होता आयआरएफझेड ४४ एन. नावाजलेला, सगळीकडे मिळणारा, आणि ३.३ व्होल्टच्या पिनने चालवायला साफ अयोग्य. त्याचा चालू असतानाच्या रोधाचा १७.५ मिलिओहमचा आकडा गेटला १० व्होल्ट दिल्यावरचा आहे. थ्रेशोल्ड, म्हणजे उघडायला लागण्याचं व्होल्टेज, २ ते ४ व्होल्ट, आणि तोही २५० मायक्रोअँपिअर वाहू लागण्यापुरता. पिशवीतला एखादा नग ३.३ वर बरा चालतो, शेजारचा उघडतच नाही. डिझायनरांचा नग बरा निघाला होता, तरी हीटर चालू असताना ड्रेन आणि सोर्समध्ये १.२ व्होल्ट मोजले गेले. म्हणजे साडेचार वॉटच्या आसपास उष्णता मॉस्फेटमध्येच. हीटसिंकचं कोडं तिथे सुटलं. वर ग्राउंडच्या त्या गल्लीने सोर्सही ०.१५ व्होल्टने उचललेला, त्यामुळे गेटला प्रत्यक्षात ३.१५ च मिळत होते. एका दोषाने दुसऱ्याला हातभार लावला होता.

गेट जोडलेलं होतं ईएसपी ३२ च्या जीपीआयओ १५ या पिनेला. ईएसपी ३२ मध्ये ही बूटच्या वेळी वाचली जाणारी पिन आहे, आणि रीसेटनंतर तिच्यावर आतला पुल-अप (पिन ३.३ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) असतो. गेटला बाहेरून पुल-डाऊन नव्हता. म्हणजे मॉड्यूल चालू होताना, किंवा वीज डगमगून रीसेटच्या फेऱ्यात अडकलं तर दर फेरीला, हीटर आपोआप लागणार. डिझायनरांना हीटरचा एलईडी सुरुवातीला लुकलुकताना दिसला होता. तो त्यांना ‘सुरू झाल्याची खूण’ वाटला.

थर्मिस्टर होता जीपीआयओ २६ वर, म्हणजे एडीसी २ मध्ये. वाय-फाय चालू असताना एडीसी २ वर भरवसा ठेवता येत नाही. अजून वाय-फाय वापरलं नव्हतं, म्हणून ही चूक झोपलेली होती.

५ व्होल्टचा रेग्युलेटर एमपी १५८४, इनपुटची मर्यादा २८ व्होल्ट. २४ व्होल्टला पुरेसा वाटतो. पण वापरणारा अडॅप्टर आधी चालू करतो आणि मग पिन बोर्डात खुपसतो. केबलचं इंडक्टन्स आणि इनपुटचे सिरॅमिक कपॅसिटर मिळून झोका तयार होतो, आणि व्होल्टेज क्षणभर दुपटीच्या जवळ जाऊ शकतं. पहिल्या आवृत्तीतला एक बोर्ड ‘आपोआप मेला’ होता. त्याचं कारण हेच होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण मेला तो अडॅप्टर जोडतानाच.

यूएसबी-सीच्या दोन्ही सीसी पिना (पलीकडच्या चार्जरला वीज हवी असल्याचं कळवणाऱ्या) एकत्र करून एकच ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लावलेला होता. प्रत्येक पिनेला स्वतंत्र हवा. याबद्दल डिझायनरांना ओशाळं व्हायचं कारण नाही. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत हाच घोटाळा होता आणि काही चांगल्या प्रतीच्या केबलींवर तो चालूच होत नसे. मॉड्यूलच्या अँटेनाखाली पसरलेलं ग्राउंड, उलट्या बाजूला छापलेली अक्षरं वगैरे किरकोळ गोष्टी होत्याच.

शेरे कसे द्यायचे

सगळं एका दमात लिहिलं असतं तर लांबलचक यादी झाली असती, आणि तिच्यात ‘हीटर रीसेटला लागतो’ आणि ‘अक्षरं छोटी आहेत’ हे मांडीला मांडी लावून बसले असते. हौशी माणूस अशी यादी पाहून सोपं ते आधी उरकतो. म्हणून शेरे तीन गटांत दिले. आग किंवा इजा होऊ शकेल ते पहिल्या गटात. बोर्ड मरेल किंवा चुकीचं वाचेल ते दुसऱ्या. माझी आवडनिवड तिसऱ्यात, आणि तिसरा गट वाचलाच पाहिजे असं नाही, हे स्पष्ट लिहून.

पहिल्या गटात तीनच गोष्टी उरल्या: जीपीआयओ १५, गरमकडे झुकणारी तापमानाची चूक, आणि सॉफ्टवेअरपासून स्वतंत्र असा तापमानाचा अटकाव नसणं. तिसरीवर थोडी खडाजंगी झाली. डिझायनरांचं म्हणणं, कोडमध्ये ७० अंशांची मर्यादा आहे, वॉचडॉग (कोड अडकला तर रीसेट करणारा पहारेकरी) आहे, अजून काय हवं? यावर उत्तर असं की मॉस्फेट बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा ड्रेन आणि सोर्स आतून जोडले जातात. मग गेटला शून्य दिलं तरी हीटर चालूच. कोड कितीही शहाणा असला तरी त्याच्या हातात स्विच राहिलेला नसतो.

कोणते पर्याय होते

ग्राउंडच्या दोषावर सगळ्यात स्वस्त उपाय कोडचाच होता. वाचन घेण्याआधी हीटर ५० मिलिसेकंद बंद करायचा, वाचायचं, परत चालू करायचा. प्रवाहच नाही तर व्होल्टेज पडणार नाही. पंख्याचे ०.१ अँपिअर उरतात, त्यांचे ४ मिलिव्होल्ट होतात, ते सोडून देता येतात. ही पळवाट नाही, चांगली पद्धत आहे. दुसरा पर्याय, जुन्याच बोर्डावर थर्मिस्टरचा ग्राउंडचा ट्रॅक ब्लेडने कापून तिथून ईएसपी ३२ च्या ग्राउंडपर्यंत वेगळी तार ओढायची. तिसरा, लेआउट नव्याने. चौथा, चार थरांचा बोर्ड घेऊन आतला एक थर अखंड ग्राउंडला द्यायचा.

इथे मत देणं भाग होतं. फक्त हाच दोष असता तर मी कोड बदलायला सांगून बोर्ड तसाच ठेवला असता. पण मॉस्फेट, त्याची पिन आणि रेग्युलेटर बदलायचेच होते, म्हणजे निम्मा बोर्ड तसाही उसवला जाणार होता. चार थर मी सुचवले आणि डिझायनरांनी नाकारले: दोन थरांत जमणार असेल तर दोनच, म्हणजे घरी बोट ठेवून ट्रॅक शोधता येतो, कापता येतो. हौशी बोर्डासाठी हा मुद्दा मला पटला.

मॉस्फेटसाठी तीन वाटा होत्या. एओ ३४०० हा अगदी अडीच व्होल्टला नेमका आकडा देणारा मॉस्फेट, पण ३० व्होल्टचा, आणि एवढ्याशा सॉट-२३ पाकिटात. २४ व्होल्टच्या रेषेवर तो फारच काठावर. आयआरएलझेड ४४ एन ५५ व्होल्टचा, लॉजिक पातळीचा म्हणून विकला जातो. पण त्याच्या डेटाशीटमध्ये आकडे आहेत ४ आणि ५ व्होल्टचे, ३.३ चा नाही. बरेच जण तरीही ३.३ वर वापरतात आणि चालतो. डेटाशीटमध्ये जो आकडा नाही त्यावर हीटर टांगू नये असं माझं मत. तिसरी वाट, तोच आयआरएलझेड ४४ एन घेऊन मधे ५ व्होल्टवर चालणारा ७४ एएचसीटी १जी १२५ बफर. एएचसीटी जातीला २ व्होल्टच्या वर काहीही मिळालं की ते ‘हो’ समजतात, त्यामुळे ३.३ ची पिन सहज चालते आणि गेटला पूर्ण ५ व्होल्ट मिळतात. रोध २५ मिलिओहम, ४ अँपिअरला ०.४ वॉट. हीटसिंकशिवाय ६२ अंश प्रति वॉटने मोजलं तर २५ अंशांची वाढ. ही वाट घेतली.

रेग्युलेटरला आधी फक्त टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) लावून भागेल असं वाटलं होतं. २४ व्होल्टसाठीचा नेहमीचा एसएमबीजे २४ए मात्र पूर्ण झटक्यात ३८.९ व्होल्टपर्यंत जाऊ देतो. म्हणजे २८ व्होल्टचा रेग्युलेटर आधी मरणार आणि संरक्षण नंतर जागं होणार. संरक्षणाचा भाग निवडताना त्याच्या नावातला २४ बघून भागत नाही, क्लॅम्पिंगचा, म्हणजे तो व्होल्टेज कितीवर रोखतो त्याचा, आकडा बघावा लागतो. शेवटी ४० व्होल्ट झेलणारा एलएम २५९६, त्याच्या आधी तोच टीव्हीएस, आणि सिरॅमिकच्या जोडीला एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असं ठरलं. इलेक्ट्रोलिटिकचा आतला रोध, जो एरवी नकोसा असतो, तोच इथे झोका शमवतो. एलएम २५९६ जुना आहे, १५० किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याचं इंडक्टर मोठं लागतं. जागा होती, मग हरकत काय.

केलेली कामं

जुन्या बोर्डांवर त्याच दिवशी कोडमधला बदल गेला आणि सरासरी काढून टाकली. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर मॉस्फेटच्या पायांवरच सोल्डर केला. आतला पुल-अप दुबळा असल्याने गेट खाली राहिलं. मात्र याची एक गंमत झाली. जीपीआयओ १५ बूटच्या वेळी खाली असेल तर ईएसपी ३२ सुरुवातीचे संदेश सिरियलवर छापत नाही. डिझायनरांना वाटलं मॉड्यूल गेलं. नव्या आवृत्तीत गेट जीपीआयओ २५ वर गेलं, थर्मिस्टर जीपीआयओ ३४ वर, म्हणजे एडीसी १ मध्ये.

नव्या लेआउटमध्ये आधी कनेक्टरच्या जागा ठरल्या, बाकीचं नंतर. २४ व्होल्टचा इनपुट, मॉस्फेट आणि हीटरचा कनेक्टर एकाच कोपऱ्यात, म्हणजे ४ अँपिअरचा फेरा तिथल्या तिथे पुरा होतो. थर्मिस्टर विरुद्ध कडेला, ईएसपी ३२ च्या शेजारी. खालचा थर जवळपास अखंड ग्राउंड. मॉस्फेटच्या सोर्सपासून इनपुटपर्यंत २० मिलिमीटर रुंद आणि तेवढंच लांब तांबं, म्हणजे हिशेबाने एक चौरस. सोर्सच्या पॅडला थर्मल रिलीफच्या बारीक काड्या न ठेवता तांबं सलग भिडवलं. सोल्डर करायला जरा जास्त वेळ लागतो, पण नाहीतर तीच गल्ली पुन्हा चार काड्यांच्या रूपात आली असती.

हीटरच्या मालिकेत बायमेटल स्विच आला, पट्टीलाच चिकटवलेला, ७५ अंशांना तुटणारा. निवडताना एक गोष्ट पाहावी लागली. अशा स्विचवर बहुधा २५० व्होल्ट एसीचा आकडा छापलेला असतो. एसीत प्रवाह सेकंदाला अनेकदा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती तशी विझत नाही. म्हणून डीसीचा आकडा वेगळा दिलेला नगच घेतला. फ्यूजच्या बाबतीतही तेच.

ऑर्डर पाठवण्याआधी डिझायनरांनी लेआउट खऱ्या मापात कागदावर छापून त्यावर प्रत्यक्ष पार्ट ठेवून पाहिले. हीटरच्या स्क्रू टर्मिनलचं तोंड बोर्डाच्या आतल्या बाजूला वळलेलं निघालं, म्हणजे तारा मॉस्फेटच्या अंगावरून घालाव्या लागल्या असत्या. स्कीमॅटिकमध्ये हे दिसत नाही, डीआरसीत दिसत नाही, आणि लाल पेन्सिलीलाही दिसलं नव्हतं.

परिणाम

दुसऱ्या आवृत्तीत तेच मोजमाप, त्याच दोन जागी: हीटर चालू असताना २ ते ३ मिलिव्होल्ट. कोडमधली ५० मिलिसेकंदांची विश्रांती काढून पाहिली, आकडा हलला नाही. ती तरीही ठेवली आहे. डब्यात स्वतंत्र थर्मामीटर ठेवून ५० अंशांची सेटिंग तपासली, फरक एका अंशाच्या आत. मॉस्फेटला बोट लावता येतं. चिकटलेलं रीळ पुन्हा आढळलेलं नाही.

बायमेटल स्विचची परीक्षा मुद्दाम घेतली. मॉस्फेटचे ड्रेन आणि सोर्स जाड तारेने जोडून बिघाड उभा केला आणि शेजारी बसून राहिलो. स्विच तुटला, डबा गार झाला, स्विच परत जोडला गेला, पुन्हा तापला. आग लागणार नाही हे खरं, पण हा फेरा कुणी बघेपर्यंत असाच चालू राहील. त्यामुळे कोडमध्ये भर पडली: हीटर बंद असल्याचा हुकूम असतानाही तापमान चढत असेल तर बझर वाजवायचा. एकदाच तुटणारा थर्मल फ्यूजही मालिकेत घालावा का, यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी घालावा म्हणतो. डिझायनरांना तो बदलायचा त्रास नको आहे.

वेगळं काय करता आलं असतं

प्रवाहाचा तक्ता लेआउटच्या आधी झाला असता तर थर्मिस्टरचं ग्राउंड त्या पॅडला गेलंच नसतं. लेआउट करताना माणूस तुटक रेषा पाहतो आणि त्या सांधत जातो. ग्राउंडची रेषा सगळ्यात सोपी, कारण ती कुठेही टेकवता येते. तिथेच गफलत होते.

मल्टिमीटरचं ते मोजमाप पहिल्या दिवशीही करता आलं असतं, थर्मिस्टर बदलण्याच्या आधी. दोन सुया, एक मिनिट. आणि सरासरी लावायचीच तर कच्चा आकडाही सिरियलवर छापत राहायला हवं होतं.

एक गोष्ट या आवृत्तीतही अर्धवट राहिली. एसएचटी ३१ बोर्डावरच आहे, रेग्युलेटरपासून फार लांब नाही. चिप आजूबाजूच्या हवेपेक्षा तीन अंश गरम राहिली तर ५० अंशांच्या हवेतला २० टक्के दमटपणा तिला १७ टक्के वाटतो, कारण गरम हवेची बाष्प धरण्याची क्षमता जास्त. फिलामेंट सुकलं असं कंट्रोलर जरा लवकर ठरवतो. तिसऱ्या आवृत्तीत ही चिप चार तारांवर डब्याच्या झाकणाला जाणार आहे. तोवर कोडमध्ये सुकवणीची वेळ थोडी वाढवून ठेवली आहे.